खर्ज ऐकू येईपर्यंत : कानात घट्ट बसणारे हेडफोन निवडताना

९ जून २०२५, सोमवार. ऑफिसात पोचले, डबा खणात ठेवला, कॉम्प्युटर सुरू केला आणि लक्षात आलं की कानात बारीक शिट्टी वाजते आहे. एसीचा आवाज असेल म्हणून उठून जिन्यात गेले. शिट्टी माझ्याबरोबर जिन्यात आली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती विरली, पण मंगळवारी परत वाजली, बुधवारीही.

मी धनकवडीत राहते आणि ऑफिस पिंपरीला, संत तुकारामनगर मेट्रो स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर. घरापासून स्वारगेटपर्यंत पीएमपीची बस, पुढे मेट्रो. सप्टेंबर २०२४च्या अखेरीस स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाला तेव्हापासून हाच रस्ता. जाऊन-येऊन दिवसाचे पावणेदोन तास. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी परत गाणं शिकायला लागले. शनिवारी सदाशिव पेठेत क्लास असतो आणि ताई शिकवणी फोनवर रेकॉर्ड करू देतात. घरात सासूबाईंचा टीव्ही, मुलीचा अभ्यास, कुकरच्या शिट्ट्या. शांतपणे ऐकायला मिळतं ते प्रवासातच, आणि प्रवासात शांतता नसते.

माझ्याकडे जुन्या फोनबरोबर आलेले इअरफोन होते, कानाच्या वाटीत नुसते टेकणारे. बस सुटली की त्यातला तंबोरा बुडायचा. मी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, गाते. त्या पट्टीचा मधला षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, तार त्याच्या निम्म्यावर, साधारण १०४ला. इंजिनाची घरघर, बोगद्यातल्या मेट्रोचा घुमारा, हे सगळं तिथेच खाली दाटलेलं असतं. त्यामुळे सगळ्यात आधी जातो तो खर्ज. मग ताईंचा गळा अधांतरी ऐकू येतो, रिषभ नेमका किती चढा लागतोय ते ठरवायला खाली जमीनच उरत नाही. ती जमीन परत मिळावी म्हणून मी आवाज वाढवत होते. पंधरा पायऱ्यांपैकी आधी दहा, मग बारा, जूनपर्यंत तेरा.

आपल्या कानांना काही झालं तर गाणं थांबेल ही भीती त्या आठवड्यात पहिल्यांदा वाटली. १८ जूनला, बुधवारी, सातारा रोडवरच्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. नंबर लागायला सव्वा तास, फी आठशे. डॉक्टरांनी दोन्ही कानांत दुर्बिणीतून पाहिलं आणि सांगितलं की उजव्या कानात मळाचा खडा बसलाय. पाच दिवस थेंब घालायचे, मग या. मधल्या दिवसांत पालख्या आल्या, रस्ते बंद होते, त्यामुळे २४ तारखेला गेले. मळ काढायचे सातशे आणि ऑडिओग्राम आठशे. ऑडिओग्राम म्हणजे बंद खोलीत बसायचं, कानात बारीक सूर येतो, ऐकू आला की बटण दाबायचं. खालच्या २५० हर्ट्झपासून वर ८००० पर्यंत प्रत्येक कान वेगळा तपासतात. माझा आलेख दोन्ही कानांना २५ डेसिबलच्या आत होता, म्हणजे नॉर्मल. त्या कागदाचा फोटो मी जपून ठेवलाय. पुढे कधी तपासणी केली तर शेजारी ठेवून बघता येईल.

डॉक्टरांनी एक हिशोब समजावला तो इथे मुद्दाम लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तास ऐकला तर चालतो. प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला ५ आणि ९२ला अडीच. माझा प्रवासच आठवड्याचा जवळपास नऊ तासांचा. “बसच्या आवाजाच्या वर गाणं ऐकायचं ठरवलंत तर तुम्ही कुठे जाल बघा,” ते म्हणाले. “बसचा आवाज बाहेर ठेवता आला तर गाणं हळू लावून चालेल.” यातून मला काय शोधायचंय ते कळलं. आणखी एक ताकीद दिली : कानात घट्ट बसणारं काही वापरणार असाल तर मळ आत ढकलला जातो, वर्षातून एकदा दाखवून जा. तुम्हीही अशी खरेदी करणार असाल तर आधी कान तपासून घ्या. मळाने बुजलेल्या कानात कुठलेही हेडफोन खराबच वाजतात.

५ जुलैला, शनिवारी क्लास झाल्यावर, तपकीर गल्लीत गेले. बुधवार पेठेतली ही इलेक्ट्रॉनिक्सची गल्ली, माळा, बल्ब, केबल, चार्जर सगळं एकमेकांच्या अंगावर. दुकानदाराला म्हटलं, बाहेरचा आवाज येऊ नये असा पाहिजे. त्याने कानाच्या आत जाणारा, वायरवाला, साडेचारशेचा काढून दिला. डबीत रबरी टोप्यांच्या तीन जोड्या होत्या, लहान, मधली, मोठी. घरी येऊन मधली लावली, कारण लावूनच आली होती. सोमवारी बसमध्ये आवाज पातळ, टिनपाटासारखा. वाटलं, साडेचारशेत आणखी काय येणार.

शुक्रवारी सहज म्हणून मोठ्या टोप्या चढवल्या. डाव्या कानात एकदम खर्ज आला. उजव्यात नाही. मी डबी मांडीवर उघडून, बसच्या सीटवरच, उजव्याला परत मधली लावली, ती थोडी दाबून फिरवली आणि उजवीकडेही आला. माझ्या दोन कानांच्या नळ्या सारख्या नाहीत ही गोष्ट मला चव्वेचाळीस वर्षं माहीत नव्हती. तेव्हापासून डावीकडे मोठी, उजवीकडे मधली.

इथे थोडं थांबते, कारण बाकी सगळं यावर अवलंबून आहे. कानात जाणाऱ्या हेडफोनचा खालचा स्वर हा कानाची नळी पूर्ण बंद झाली तरच ऐकू येतो. टोपी आणि कातडी यांच्यात केसभर फट राहिली तरी खर्ज तिथून गळून जातो, आणि त्याच फटीतून रस्ता आत येतो. दोन्ही नुकसानं एकाच फटीमुळे. गाणाऱ्यांना हे चटकन समजेल. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा असतो, तो सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावतात. दोरा केसभर इकडे-तिकडे झाला तर तोच तंबोरा मुका होतो, जागेवर आला की बोलायला लागतो. टोपीचं अगदी तसंच आहे. खात्री करायची युक्ती सोपी आहे : तंबोरा किंवा कुठलाही धरलेला खालचा स्वर लावा आणि हेडफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर खर्ज वाढला तर आधी फट होती. काहीच फरक पडला नाही तर बसलाय.

तरी साडेचारशेवाल्याची अडचण राहिली. वायर ओढणीला घासली की कानात खरखर व्हायची, चालताना प्रत्येक पाऊल ऐकू यायचं. शिवाय त्याचे वरचे स्वर टोचत. अर्धा तास ऐकलं की थकवा.

माझा भाचा हिंजवडीला नोकरी करतो. तो म्हणाला, “मावशी, वायर कशाला, नॉइज कॅन्सलेशनवाले घे,” आणि स्वतःचे आठ दिवसांसाठी देऊन गेला. साडेपाच हजारांचे, बिनवायरीचे. पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि बसचं इंजिन खरंच खाली बसलं, कोणीतरी जाजम अंथरल्यासारखं. मला हायसं वाटलं. पण हॉर्न तसाच, कंडक्टरचं “पुढे सरका” तसंच, मागच्या सीटवरचं फोनवरचं बोलणं तर अधिकच स्पष्ट, कारण त्याला झाकणारी घरघर गेली होती.

याचं कारण मग मी शोधून वाचलं. अशा हेडफोनमधला छोटा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या बरोबर उलटी लाट आत सोडतो, दोन्ही एकमेकींना पुसतात. कल्पना जुनी आहे, पॉल ल्यूग यांना याचं अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळालं. १०० हर्ट्झची लाट हवेत साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, तिच्यावर उलटी लाट चढवायला सवड मिळते. ३००० हर्ट्झच्या किंचाळणाऱ्या हॉर्नची लाट असते जेमतेम अकरा सेंटिमीटर. तिथे क्षणाचाही उशीर झाला की पुसणं जमत नाही. तिथे कामाला येतं ते साधं बूच. बुचाचं उलटं असतं, ते वरचे आवाज उत्तम अडवतं आणि खाली थोडं कमी पडतं. ज्यांचा प्रवास विमानाचा किंवा एसी गाडीचा आहे त्यांना भाच्याचं म्हणणं पटेल. माझ्या रस्त्यावर हॉर्न आणि माणसं जास्त. शिवाय त्या जोडीत पुसण्याचं बटण चालू केलं की तंबोरा सुजल्यासारखा वाटायचा, आणि सुरांचा अभ्यास करताना मला ते चालणार नव्हतं. आठव्या दिवशी धन्यवाद म्हणून, स्पिरिट न लावता कोरड्या फडक्याने पुसून, परत दिले.

आता ठरलं : वायरवाला, कानात घट्ट बसणारा, वायर कानावरून मागे जाणारा. वायर कानावरून वळवली की घासल्याची खरखर बरीचशी कानापर्यंत पोचत नाही. २१ जुलैला एका वेबसाइटवरून तेवीसशेचा एक मागवला. २४ला आला. छान होता. ४ ऑगस्टला उजवी बाजू मंद झाली.

आधी धडधडलंच, कारण उजवा कान. मग डोकं शांत करून उलटसुलट केलं, डावा हेडफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्यात. मंदपणा आता डाव्या कानात गेला. म्हणजे कान ठीक, हेडफोन बिघडलेला. हा प्रयोग सगळ्यांनी आधी करावा, पैसे लागत नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत डावं-उजवं संतुलन असतं, ती पट्टी चुकून सरकलेली नाही ना तेही पाहिलं. हेडफोनच्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यावर मळ साचला तरी आवाज पडतो, म्हणून कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून, झाडली. तरी फरक नाही.

परत करायला गेले तर सात दिवसांची मुदत संपलेली. विक्रेत्याचं उत्तर : कानात घालायची वस्तू स्वच्छतेच्या कारणाने परत घेत नाही, वॉरंटीसाठी कंपनीकडे जा. कंपनीचं उत्तर : बिलावर सिरियल नंबर नाही, विक्रेत्याकडून नवीन बिल आणा. दोन दिवस मी या दोघांच्या मध्ये. रात्री झोपताना तेवीसशे रुपयांपेक्षा आपल्याला कोणी मोजत नाही याचा त्रास जास्त होत होता.

शेजारच्या काकांनी, ते निवृत्त शासकीय अधिकारी आहेत, रस्ता दाखवला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या प्रत्येक वेबसाइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि निवारण एका महिन्यात करायचं. त्याचं नाव आणि ईमेल वेबसाइटवरच असतं, बहुतेक तळाशी बारीक अक्षरात. ६ ऑगस्टला मी त्या पत्त्यावर लिहिलं. काकांनी सांगितल्याप्रमाणे राग काढून टाकला आणि तारखा ठेवल्या : मागवल्याची, मिळाल्याची, बिघडल्याची, दोघांनी दिलेल्या उत्तरांची. बिलाचा आणि डबीवरच्या सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो जोडला. मोघम आश्वासनाचं एक उत्तर आलं, मग शुकशुकाट. १४ तारखेला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन केला. मराठीत बोलता येतं. वीसेक मिनिटांत तक्रार नोंदली गेली, मेसेजवर क्रमांक आला. तो क्रमांक मी आधीच्याच ईमेलखाली पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बिघाडाचा व्हिडिओ मागितला. मंद आवाज व्हिडिओत कसा दाखवायचा? मुलीने उपाय काढला. जुन्या फोनवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलं, वहीच्या कागदाची बोटभर सुरळी करून एक टोक फोनच्या माइकवर चिकटवलं आणि दुसऱ्या टोकात आधी डावा, मग उजवा हेडफोन बसवला. तंबोरा तोच, पायरी तीच. डावीकडे आकडा ७८, उजवीकडे ६५. असली मोजणी काटेकोर नसते, पण दोन बाजूंमधला फरक कोणालाही दिसेल. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. २९ ऑगस्टला, घरी गौरी-गणपतीची गडबड चालू असताना, तेवीसशे रुपये खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला. त्या दिवसापासून महागडी वस्तू घरात आली की मी डबी उघडतानाच बिल आणि सिरियल नंबर एका फोटोत घेते, आणि बिलावर नंबर नसेल तर तेव्हाच मागून घेते.

याच गणपतीत माझं खरं शिक्षण झालं. आमच्या चौकात ढोल पथक थांबतं, सासूबाईंना त्रास होतो. माझा नवरा चाकणला प्रेस शॉपमध्ये आहे. तिथे कानात घालायला फोमची बुचं मिळतात, ती तो घेऊन आला. सासूबाईंनी स्वतः घातली ती बाहेरच लटकत राहिली. मग त्याने दाखवलं. बूच दोन बोटांत धरून हळूहळू वळायचं, वातीसारखं, सुरकुती न पडू देता, अगदी बारीक होईपर्यंत. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून न्यायचा, उजवा कान वरून धरून वर आणि मागे ओढायचा. “कानाची नळी सरळ नसते, ओढली की सरळ होते,” तो म्हणाला. मग बूच आत सरकवायचं आणि बोट तसंच धरून तीस आकडे मोजायचे, म्हणजे फोम आतल्या आत फुगून नळी भरतो. सासूबाईंच्या चेहऱ्यावर तीस आकडे व्हायच्या आतच फरक दिसला. ढोल छातीत ऐकू येत होता, कानात नाही. वीस वर्षं तो हे रोज करतोय आणि मी कधी विचारलं नव्हतं.

मी त्याच रात्री साडेचारशेवाला इअरफोन कान ओढून घातला. टोप्या त्याच, पण दीड पायरी आवाज कमी पुरला. म्हणजे दोन महिने मी हेडफोन बदलत होते आणि घालायची पद्धत चुकत होती.

सप्टेंबरात पितृपक्ष, ऑडिट, काही झालं नाही. ४ ऑक्टोबरला, शनिवारी, कॅम्पातल्या एका दुकानात गेले. माइक, मिक्सर, वाद्यांचं सामान विकणारं दुकान. आधी फोन करून विचारलं होतं की ऐकून बघता येईल का. हे नक्की विचारा, कारण बरीच दुकानं डबी उघडू देत नाहीत. तिथल्या गृहस्थांनी नवीन टोप्या लावून, नळी पुसून, तीन जोड्या समोर ठेवल्या. घाई केली नाही, चहा सांगितला. त्यांचा स्वतःचा एक जुना एटिमोटिकही दाखवला. श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातल्या मीड किलियन यांच्या या कंपनीने १९९१मध्ये ईआर-४ नावाचा हेडफोन काढला, कानाच्या खोल आत जाऊन सगळं बंद करणारा. त्याची टोपी म्हणजे एकावर एक तीन छत्र्या. त्याने दुकानाबाहेरची रहदारी जवळपास नाहीशी झाली, पण माझ्या उजव्या कानाला तो खोलपणा सोसला नाही, डोळ्यांत पाणी आलं. ज्यांना सोसतो त्यांच्यासाठी मात्र हा प्रकार फारच चांगला.

शेवटी शुअरचा एसई२१५ घेतला, जीएसटी धरून ८,९००. माझ्या खर्चाच्या अंदाजाच्या दुप्पट होता, म्हणून घरी फोन करून विचारलं. नवरा म्हणाला, “कानाला लागणाऱ्या गोष्टीत काटकसर नको.” कंपनी ३७ डेसिबलपर्यंत आवाज अडतो असं सांगते. हा आकडा चांगला बसल्यावरचा धरायचा, आणि घरघरीपेक्षा वरच्या आवाजांनाच तो जास्त लागू पडतो. पण मला पटलं ते वेगळ्या कारणाने. डबीत फोमच्याही तीन आकारांच्या टोप्या होत्या, वायर कानावरून वळते आणि तुटली तर वेगळी बदलता येते. मी माझंच रेकॉर्डिंग लावलं, नवऱ्याने शिकवल्याप्रमाणे कान ओढला, तीस मोजले. दुकानातला पंखा गेला. चौथ्या पायरीवर खर्ज होता. मी दहा मिनिटं तशीच बसून राहिले, त्या गृहस्थांनी मध्ये बोलावलं नाही.

घरी आल्यावर नवी अडचण. माझ्या फोनला गोल जॅकच नाही, सी टाइपचं एकच भोक. तपकीर गल्लीतून दीडशेचा जोड आणला, लावल्यावर काहीच वाजेना. दुकानदाराशी वाद घालायची गरज नव्हती, माझं अज्ञान होतं. असे जोड दोन तऱ्हेचे असतात. स्वस्तात नुसत्या तारा जोडलेल्या असतात, फोनने स्वतः आवाज तयार करून दिला तरच ते चालतात. दुसऱ्या तऱ्हेत फोनमधल्या आकड्यांचं आवाजात रूपांतर करणारी चिप जोडाच्या आतच असते, तिला डॅक म्हणतात. विचारताना “डॅकवाला आहे का” असं स्पष्ट विचारा. तो ८५०ला पडला आणि लगेच वाजला.

पहिला आठवडा सोपा नव्हता. घालायला दोन मिनिटं जायची, स्वारगेटच्या सरकत्या जिन्यावर ते जमत नाही. आता मी फलाटावर भिंतीला टेकून उभी राहते आणि मगच घालते. नळी बंद झाल्यावर स्वतःचा श्वास, गिळणं, पावलं मोठी ऐकू येतात, त्याची सवय व्हायला चार-पाच दिवस लागले. रेकॉर्डिंगबरोबर गुणगुणायचं असेल तर एक बाजू काढावीच लागते, नाहीतर आपलाच आवाज डोक्यात घुमतो आणि सूर कळत नाही. काढताना सरळ ओढू नका, पडद्यावर ताण येतो. थोडं पिळून, हवा आत जाऊ देत, सावकाश. १५ ऑक्टोबरला “पुढील स्थानक” ऐकूच आलं नाही आणि मी थेट पिंपरी-चिंचवडच्या शेवटच्या स्टेशनवर उतरले. तेव्हापासून नाशिक फाटा आला की उजवी बाजू काढून ठेवते. रस्त्यावर चालताना, रिक्षात चढताना दोन्ही बाजू डबीत. यात मी तडजोड करत नाही. मागून येणारी दुचाकी खरंच ऐकू येत नाही.

फोम टिकाऊ नसतो. डिसेंबर संपता संपता तो चेपल्यावर पूर्ण फुगेनासा झाला, आणि पायरी पाचवरून सहावर गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं. नव्या तीन जोड्यांचे बाराशे. या हेडफोनची नळी बारीक आहे, इतर कंपन्यांच्या जाड नळीच्या टोप्या त्यावर ढिल्या बसतात, म्हणून मॉडेल सांगूनच घ्यायच्या. फोम ओल्या फडक्याने नुसता टिपायचा. रबरी टोप्या मात्र साबणाच्या कोमट पाण्यात धुता येतात, पूर्ण वाळवून मगच चढवायच्या.

शिट्टी परत वाजलेली नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी क्लास संपल्यावर ताईंनी विचारलं, “अगं, एवढं कशात ऐकतेस ते बघू तरी.” मी नवीन, लहान फोम लावला, त्यांचे कान फार नाजूक आहेत. कसं घालायचं ते सांगितलं तर त्या हसल्या, पण कान ओढून, तीस मोजून घातला. मागच्या आठवड्याची शिकवणी लावली. ताई डोळे मिटून बसल्या. खाली रस्त्यावर पिंपपिंप चाललं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर त्याचं काहीच नव्हतं. दीड-दोन मिनिटांनी त्यांनी हात वर करून मला थांबवायला सांगितलं.

“तंबोऱ्याच्या मधल्या जोडातली एक तार उतरलेली आहे,” त्या म्हणाल्या. “तासभर उतरलेल्या तारेवर शिकवलं मी तुम्हाला.”

हेडफोन काढून त्या उठल्या, कोपऱ्यातला मिरजेचा तंबोरा गवसणीतून काढला, मांडीवर घेतला आणि तारेचा मणी किंचित खाली सरकवला.